पुस्तक खरं कशावरून? – गोवा, आग्रा, मुंबई, केडगाव

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या प्रमाणांबद्दल बोललो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चौथ्या प्रमाणापर्यंत, म्हणजे शब्दप्रमाणापर्यंत, आलो तेव्हा घड्याळाकडे बघून मी ते दोन वाक्यांत उरकलं. ती चूक होती, आणि ती लगेच अंगाशी आली. व्याख्यान संपवून मी जिना उतरत होतो तर तीन मुलांनी मला गाठलं. इथं धाराशिवमध्येच एक खोली भाड्यानं घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. एक तुळजापूरकडचा, एक परंड्याचा मुसलमान घरातला, तिसरा नळदुर्गच्या बाजूच्या एका खेड्यातला, ख्रिस्ती घरातला. दोन वर्षं एका स्टोव्हवर स्वयंपाक केलेली मुलं. आता आठ दिवस झाले, डबे वेगळे झालेत म्हणाले.

कारण काय? तर फोनवरचा एक व्हिडिओ. त्यात कुणी एक वक्ता सांगत होता की बायबल हे मूळ राहिलेलंच नाही, ते बदललेलं आहे. मग दुसऱ्यानं उलट व्हिडिओ लावला. तिसऱ्यानं दोघांनाही टोमणा मारला की आमच्याकडे असली भानगडच नाही. मग जे व्हायचं ते झालं. त्यांनी मला विचारलं, ‘सर, बायबल बदललंय हे खरं का? हो की नाही एवढंच सांगा.’

जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. मी म्हणालो, पुढच्या वेळी या, त्यावरच बोलतो. ते आलेत का मला माहीत नाही, मागच्या रांगा मला आता दिसत नाहीत. पण बोलायचं ठरवलं तेच बोलतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. तहरीफ. हा शब्द मी लहानपणी वडिलांकडून ऐकला, आणि तो धर्माच्या संदर्भात नव्हे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू. वडील महसुलात कारकून होते, उर्दूत शिकलेले. कुणी पाहणीपत्रकात नाव खोडून दुसरं घातलं की ते म्हणायचे, ‘तहरीफ केली.’ म्हणजे कागदात फेरफार. हाच शब्द इस्लामी धर्मशास्त्रात हजार-बाराशे वर्षं वापरात आहे. कुराण सांगतं की तौरात, जबूर आणि इंजील, म्हणजे मूसाचं शास्त्र, दाऊदची स्तोत्रं आणि येशूची सुवार्ता, ही ईश्वराकडूनच आलेली. मग यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या हातात आज जी पुस्तकं आहेत ती कुराणाशी जुळत का नाहीत? याचं उत्तर तहरीफ. पण फेरफार कशात झाला, यावर मुसलमान पंडितांचंही एकमत नव्हतं. काही म्हणत, अक्षरं तीच आहेत, अर्थ वाकवला गेला. अकराव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोव्हाचा इब्न हझम म्हणाला, नाही, मजकूरच बदलला. व्हिडिओत हा मतभेद कधी येत नाही.

आता आपल्या बाजूला येऊ. हा वाद हिंदुस्थानच्या या भागातून कसा गेला ते बघू, कारण त्याच्या वाटा बऱ्याचशा मराठी मुलखातून गेल्यात.

१५७९ सालच्या नोव्हेंबरात गोव्याहून तीन जेझुइट पाद्री निघाले. अकबराचं बोलावणं होतं: तुमच्या धर्माची मुख्य पुस्तकं घेऊन विद्वान माणसं पाठवा. रुडॉल्फ अक्वाविवा हा इटलीचा, तिशीच्या आतला तरुण. अँटोनियो मॉन्सेरात हा स्पेनकडचा, त्यानं सगळा वृत्तान्त लिहून ठेवला. आणि तिसरा फ्रान्सिस हेन्रिक्स, मूळचा इराणी, ख्रिस्ती झालेला. तो दुभाषा. १५८० च्या फेब्रुवारीअखेर ते फतेहपूर सिक्रीला पोचले. त्यांनी अकबराला जी भेट दिली ती होती अँटवर्पला नुकतीच, १५७२ पर्यंत, छापून झालेली बहुभाषी बायबल. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी, सिरियाक अशा भाषांचे मजकूर शेजारी शेजारी मांडलेली. अकबरानं ते ग्रंथ आदरानं डोक्याला लावले, चुंबन घेतलं.

मग इबादतखान्यात वाद सुरू झाला आणि पहिल्या काही बैठकांतच गाडी त्याच रुळावर आली. तुमचं पुस्तक मूळ कशावरून? पाद्र्यांसमोर जी बायबल होती तिच्यात पाच भाषांचे मजकूर होते, आणि शेजारी शेजारी ठेवले की ते अक्षरशः सारखे नाहीत हे कुणालाही दिसणार. ग्रंथ सिद्ध करायला आणलेली वस्तूच प्रश्न उभा करत होती. मला वाटतं या गोष्टीकडे फारसं कुणी बघितलं नाही.

वाद मिटेना तेव्हा एक सूचना आली. एकानं कुराण घेऊन आणि एकानं बायबल घेऊन पेटत्या आगीत शिरावं, जो वाचेल त्याचं पुस्तक खरं. ही सूचना कुणी कशी केली याबद्दल मॉन्सेरात एक सांगतो आणि दरबारातला इतिहासकार बदायुनी दुसरं. अक्वाविवानं नकार दिला. ईश्वराची अशी परीक्षा घेणं हे पाप, असं त्याचं म्हणणं. पुढं तो गोव्याला परतला आणि १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात त्याला गावकऱ्यांनी ठार मारलं. त्या भागातली देवळं त्याच सुमाराला पाडली गेली होती, लोक चिडलेले होते. लक्षात घ्या, ज्या माणसानं सिक्रीत बादशहासमोर मोकळेपणानं वाद केला, तो ज्या गोव्यातून गेला होता तिथं १५६० पासून इन्क्विझिशन होतं. तिथं हिंदूनं किंवा मुसलमानानं पाद्र्याला विचारायची सोय नव्हती, की तुमचं पुस्तक खरं कशावरून. सिक्रीत होती. वाद कुठं होतो याला महत्त्व आहे.

आता एक उडी मारतो, पण लांबची नाही. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर एक वर्षानं, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, आपल्या पैठणला एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीच्या पोथ्या घेऊन बसले होते. ज्ञानेश्वरांना जाऊन तीनशे वर्षं होत आली होती. नकलांवर नकला होत होत्या, कुणी ओवी गाळली, कुणी घातली, कुणी कळलं नाही म्हणून शब्द बदलला. नाथांनी प्रती ताडून बघितल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. आणि पुढच्यांना बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. बारा वर्षं आधी अँटवर्पच्या छापखान्यात जे काम झालं त्याच जातीचं हे काम. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

आता माझा प्रश्न आहे, आणि आजचं सगळं व्याख्यान या प्रश्नावर उभं आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला बिघडल्या होत्या हे नाथांनी मान्य केलं. म्हणून ज्ञानेश्वरी खोटी ठरली का? आणि नाथांनी शुद्ध केली म्हणून ज्ञानेश्वरीतला अद्वैताचा सिद्धान्त आपोआप खरा ठरला का? दोन्हीचं उत्तर नाही. म्हणजे ‘पुस्तक खरं का?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. पहिला, माझ्या हातातली प्रत मूळ प्रतीसारखी आहे का? हा इतिहासाचा प्रश्न आहे. पोथ्या, शाई, कागद, लिपी यांच्यावरून सोडवायचा. दुसरा, मूळ लेखकानं जे म्हटलं ते खरं का? हा वेगळाच प्रश्न. पाहणीपत्रकात फेरफार झाला नसेल, अस्सल असेल, तरी मूळ नोंदच चुकीची असू शकते. उलट, नक्कल खराब असेल आणि नोंद खरी असेल. गेली चारशे वर्षं हे लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन दुसरा जिंकल्याचा दावा करत आलेत. सगळे. तुमच्या व्हिडिओवालेसुद्धा.

नाथांचं एक भारूड आहे, हिंदू-तुर्क संवाद. बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. त्यात दोघं एकमेकांच्या शास्त्राची, देवांची, चालीरीतींची अशी काही हजेरी घेतात की आज रंगमंचावर करायला गेलं तर परवानगी मिळणार नाही. आणि शेवटी दोघं गळामिठी घालतात. मला त्या शेवटापेक्षा मधला भाग जास्त आवडतो. शेवट भारुडाला शोभणारा आहे. पण मधे जे होतं ते असं, की दोघंही दुसऱ्याला जे विचारतात तेच आपल्याला परत विचारलं जातं, आणि दोघांनाही ते ऐकून घ्यावं लागतं.

आता एकोणिसाव्या शतकात या. १८२९ मध्ये जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी मुंबईला उतरला. विल्सन कॉलेजवाला. हा माणूस विलक्षण होता. मराठी शिकला, गुजराती, हिंदुस्थानी, फारसी शिकला, पारशांचे ग्रंथ वाचता यावेत म्हणून अवेस्ताच्या भाषेच्या मागे लागला. आणि मुंबईत त्यानं जाहीर वादांचा सपाटाच लावला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी वाद, त्यावर दांडेकरांचं ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’, त्यावर विल्सनचं उत्तर. मग साताऱ्याचे नारायणराव लिहिते झाले, ‘स्वदेशधर्माभिमानी’ म्हणून. मग हाजी मुहम्मद हाशिम नावाच्या इस्पहानच्या विद्वानानं विल्सनला आव्हान दिलं, प्रेषितांबद्दल तुम्ही जी टीका केली ती सिद्ध करा. त्यावर १८३०च्या दशकात दोन्हीकडून पुस्तकं झाली, आणि पुढं पारशांशीही तेच.

यात एक मजा आहे. नारायणराव काय किंवा पारशी पंडित काय, यांनी विल्सनला उत्तर देताना वेद आणि अवेस्ता जितके वापरले, तितकेच थॉमस पेन आणि व्हॉल्तेर वापरले. म्हणजे खुद्द युरोपातल्या धर्मटीकाकारांची हत्यारं. जहाजातून बायबल आलं त्याच जहाजातून बायबलवरची टीकाही आली. विल्सनला हे आवडत नसे. तो म्हणे हे परक्याचे उसने मुद्दे आहेत. पण तो स्वतः हिंदू धर्मावर टीका करताना काय करत होता? पुराणांतल्या कथांवर प्रश्न उभे करताना तो विवेकाचा, बुद्धीचा निकष लावत होता. तो निकष एकदा टेबलावर ठेवला की तो फक्त दुसऱ्याच्या पोथीलाच लावायचा असं कसं चालेल?

याचा सगळ्यात मोठा प्रसंग मुंबईत नाही, आग्र्याला घडला. १० आणि ११ एप्रिल १८५४. एका बाजूला कार्ल फँडर, जर्मन मिशनरी, ‘मीज़ानुल हक्क’ या गाजलेल्या ग्रंथाचा लेखक. दुसऱ्या बाजूला कैरानाचे मौलाना रहमतुल्लाह, आणि त्यांचे सहायक डॉक्टर वझीर खान, इंग्रजी वैद्यक शिकलेले. वादासाठी पाच विषय ठरले होते, चर्चा झाली फक्त दोनांवर. त्यातला महत्त्वाचा तहरीफचा.

फँडरची समजूत होती की समोर जुन्या पठडीतला मौलवी असेल. आणि समोर आले ते इंग्रजी ग्रंथ घेऊन. हॉर्नसारख्या ख्रिस्ती विद्वानांनीच लिहिलेले बायबलच्या मजकुराचे अभ्यास. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही म्हणत नाही, तुमचेच पंडित म्हणतायत. फँडरला मान्य करावं लागलं की काही ठिकाणी मजकुरात भेसळ झाली आहे. पण त्यानं मूळ सिद्धान्ताला धक्का लागत नाही, हे नकलनविसांचे दोष आहेत, असं त्याचं म्हणणं. रहमतुल्लाहांचं म्हणणं, एकदा भेसळ मान्य केली की पुस्तक प्रमाण राहत नाही. वाद तिथंच थांबला, पुढं भरला नाही.

कोण जिंकलं? मुसलमान वृत्तान्त म्हणतात रहमतुल्लाह, आणि सभेवर त्यांचा प्रभाव पडला हे मला पटतं. फँडर कच्च्या तयारीनं आला होता. त्याच्या देशात, जर्मनीत, त्याच काळात बायबलच्या मजकुराची जी चिरफाड चालली होती तिची त्याला नीट खबर नव्हती. पण तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला विचाराल तर दोघंही माझ्या त्या दोन प्रश्नांत गुंतले. फँडर म्हणतो, प्रत जवळजवळ चांगली आहे म्हणून सिद्धान्त खरा. रहमतुल्लाह म्हणतात, प्रत बिघडली म्हणून सिद्धान्त खोटा. दोन्ही अनुमानं चुकीची आहेत.

बरं, मजकुराचं खरं काय, ते मुलांना सांगायचं कबूल केलंय. तर बायबल हे एक पुस्तक नाही, ग्रंथालय आहे. जुना करार बहुतांश हिब्रूत, थोडा भाग अरामीत, शेकडो वर्षांत अनेक हातांनी लिहिलेला. नवा करार ग्रीकमध्ये. कोणती पुस्तकं घ्यायची यावर बराच काळ घोळ होता. नव्या कराराची सत्तावीस पुस्तकं, नेमकी आजची, ज्या यादीत पहिल्यांदा सापडतात ती अथनेशियसची यादी ३६७ सालची. फोनवर नेहमी सांगतात की ३२५ च्या नायसियाच्या परिषदेत बादशहानं पुस्तकं निवडली. ते चूक आहे. तिथं वाद ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा होता, यादीचा नव्हता.

फेरफार झाले का? झाले. योहानाच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघं एक आहेत असं स्पष्ट सांगणारं एक वाक्य शतकानुशतकं छापलं जात होतं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मसनं १५१६ च्या ग्रीक आवृत्तीत ते घातलं नाही, मग ओरड झाली आणि १५२२ च्या आवृत्तीत घातलं. आज बहुतेक आवृत्त्यांत ते मुख्य मजकुरात नसतं. १७०७ मध्ये जॉन मिल या इंग्रज विद्वानानं नव्या कराराचे पाठभेद मोजले ते तीस हजारांच्या आसपास भरले. तीस हजार ऐकून घाबरू नका, त्यातले बहुतेक वर्णलेखनाचे आणि शब्दांच्या क्रमाचे आहेत. आणि दुसरी बाजू, १९४७ पासून मृत समुद्राजवळ गुहांमध्ये जी हस्तलिखितं सापडली त्यात यशयाची एक संपूर्ण गुंडाळी आहे. तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती हजार वर्षं जुनी. फरक पुष्कळ सापडले, पण हजार वर्षांच्या नकलांनंतरही ग्रंथ ओळखू येतो, तोच आहे. तेव्हा ‘हो की नाही’ म्हणाल तर उत्तर आहे, थोडं हो, बरंचसं नाही.

आणि परंड्याच्या मुलाला सांगतो, प्रश्न तुझ्याकडंही येतो. तिसरे खलिफा उस्मान यांनी कुराणाची प्रमाण प्रत तयार करवली आणि बाकीच्या प्रती नष्ट करवल्या, हे मुस्लिम परंपरेतल्या हदीसच सांगतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुळजापूरच्या मुलाला सांगतो, आमच्याकडे भानगड नाही असं म्हणू नको. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना विद्वानांनी जवळजवळ अर्धं शतक घालवलं, १९६६ मध्ये ती पूर्ण झाली, आणि तुला पाठ असलेले कितीतरी श्लोक तिच्यात तळटीपेत गेलेत. आणि पुस्तकंच कशाला, तेरला जाऊन या. इथून जवळ आहे. त्रिविक्रमाचं मंदिर बघा. त्याची मागची बाजू अर्धगोल विटांची. अभ्यासक म्हणतात तो मुळात बौद्ध चैत्य असावा. आज तिथं लोक त्रिविक्रमाला हात जोडतात. विटा त्याच आहेत. तिथं उभं राहून ‘मूळ’ म्हणजे काय, याचा पाच मिनिटं विचार करा.

एक माणूस इथं सांगायलाच हवा, सर सय्यद अहमद खान. आग्र्यानंतर आठ वर्षांनी, १८६२ मध्ये, त्यांनी ‘तबयीनुल कलाम’ छापायला घेतलं. मुसलमानानं लिहिलेलं बायबलचं भाष्य. त्यांचं मत असं की तहरीफ मुख्यतः अर्थाची आहे, मजकूर जाणूनबुजून बदलला असं म्हणता येत नाही. त्यांना मौलवींनी धारेवर धरलं आणि मिशनऱ्यांनीही फारसं जवळ केलं नाही. रहमतुल्लाह १८५७ नंतर इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून सुटून मक्केला गेले. तिथं त्यांनी मदरसा काढला. त्यांचा ‘इजहारुल हक्क’ १८६४ मध्ये पूर्ण झाला, आणि तुमच्या फोनवरचे निम्मे मुद्दे तिथून आलेत. ‘तबयीनुल कलाम’चं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बरोबर, एकही नाही.

मुंबईत त्याच १८५७ च्या जानेवारीपासून मे अखेरीपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. समोर जॉर्ज बोवेन, हा अमेरिकन, मुंबईच्या गरीब वस्तीत अत्यंत साधेपणानं राहणारा. दोन्ही बाजूंनी त्याचे वृत्तान्त छापले. विष्णुबुवा हजरजबाबी होते, लोक गर्दी करत. पण खरं सांगू? ते वृत्तान्त वाचताना मला कंटाळा येतो. न्यायसूत्रांत वादाचे प्रकार सांगितलेत: सत्य कळावं म्हणून करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. समुद्रकिनारी जल्प पुष्कळ झाला. तिथं कुणी काही शिकून घरी गेलं असेल असं वाटत नाही. उत्तर भारतात, तेही मराठी घरातलं, एक उदाहरण मात्र वेगळं आहे. नीळकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले. १८४४च्या सुमाराला त्यांनी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. खंडन करता यावं म्हणून बायबल वाचत गेले, आणि १८४८ मध्ये स्वतः ख्रिस्ती झाले. दुसऱ्याचं पुस्तक नीट वाचण्यात हा धोका असतो. दोन्ही दिशांनी असतो.

आणि या गोऱ्यांचा ज्यांच्यावर प्रभाव पडला त्या पंडिता रमाबाई. आता आपण केडगावला आलो.

रमाबाईंचा इंग्लंडातला काळ मुलांनी जरूर वाचावा. १८८३ मध्ये त्या तिथं गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या, सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. लोकांना वाटतं, धर्मांतर झालं म्हणजे प्रश्न संपले. रमाबाईंचे तिथूनच सुरू झाले. सिस्टर जेराल्डिन आणि चर्चच्या वरिष्ठांबरोबर त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनानं पुस्तकरूपानं आला. त्यात रमाबाई विचारतात, त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये कुठं आहे ते दाखवा, चर्च सांगतं म्हणून मी का मानावं? म्हणतात, एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं काढून टाकलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे. आणि चर्चांचे पंथ मोजून दाखवतात, यातला खरा ख्रिस्ती धर्म कुठला? क्रूसावर लॅटिन अक्षरं होती तेव्हा विचारलं, लॅटिनमध्ये असं काय आहे जे संस्कृतात नाही? संस्कृत देवांची भाषा म्हणून नव्हे, माझ्या देशाची सुंदर भाषा म्हणून. जेराल्डिनबाई दुखावल्या. त्यांना हा अहंकार वाटला.

आग्र्याच्या मौलानांनी जो प्रश्न बाहेरून विचारला होता तोच हा प्रश्न, घराच्या आतून विचारलेला. आणि फरक असा की इथं विचारणारीचं सगळं पणाला लागलेलं. रहमतुल्लाहांना उत्तर काहीही मिळालं तरी ते मुसलमानच राहणार होते. रमाबाईंचे नातेवाईक गेलेले, पुण्यातले लोक तुटलेले, हाती लहान मुलगी, राहायला-जेवायला त्याच सिस्टर्सचं घर. तिथं बसून त्यांनी विचारलं.

बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा नवं नव्हतं. त्याआधीही स्टीफन्सनं १६१६ मध्ये क्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत आणली होती, आणि स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं होतं. विल्यम कॅरीनं नागपूरकडच्या वैजनाथशास्त्र्यांच्या मदतीनं मत्तयाची सुवार्ता १८०५ मध्ये छापली, नवा करार १८११ मध्ये, मोडी लिपीत. मग अमेरिकन मिशननं, बायबल सोसायटीनं सुधारलेली भाषांतरं केली. रमाबाईंना ती पटेनात. त्यांच्या मते त्यांतली मराठी पंडिती होती, त्यांतल्या शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचा वास होता, आणि खेड्यातल्या बाईला ती कळत नव्हती. आता बघा, हा आक्षेप कोण घेतंय? पुराणं सांगणाऱ्या बापाची मुलगी, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलं. संस्कृत तिला येत नव्हतं म्हणून तिनं ते टाळलं नाही.

मग त्यांनी काय केलं, तर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतली. वय चाळिशी ओलांडलेलं. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो विधवा आणि अनाथ मुली होत्या, बऱ्याचशा १८९६-९७ च्या दुष्काळातून आलेल्या. त्यांनीच टाइप जुळवले, छापलं, बांधलं. ज्या बायकांना शास्त्र ऐकायचाही अधिकार नव्हता त्या खिळे जुळवत होत्या. जवळजवळ दोन दशकं हे काम चाललं. मधे, १९२१ मध्ये, मुलगी मनोरमा गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आली.

तज्ज्ञ म्हणतात ते भाषांतर काही ठिकाणी फार शब्दशः आहे, ओघ नाही. असेल. माझ्याकडे एक जुनी प्रत आहे, नळदुर्गच्या बाजूच्या एका घरातून मला मिळालेली. त्या घरात दोन भाऊ होते. थोरल्याकडे सोसायटीचं पवित्र शास्त्र आणि धाकट्याकडे रमाबाईंचं. खरं कुठलं यावरून दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. मग त्यांच्या आईनं, लिहायला-वाचायला न येणाऱ्या बाईनं, दोघांना रात्री दिव्यापाशी बसवलं आणि एकच अध्याय दोन्हीतून वाचायला लावला. आधी थोरला, मग धाकटा. जिथं शब्द वेगळा पडेल तिथं ती थांबवायची आणि विचारायची, याचा अर्थ काय? दोघांनाही सांगता आलं नाही की ती पुढं जाऊ द्यायची नाही. धाकट्याच्या नातवानं मला ही प्रत दिली. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, जागोजागी, त्या आईनं थांबवलं तिथल्या.

मी ती आज आणलीय. व्याख्यान झालं की टेबलावर ठेवतो, बघा. पानं हळू उलटा, कागद फार नाजूक झालाय. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माईक मागे द्या, मागच्या रांगेतल्या मुलांना आधी.